सुदामचे रोडगे आणि माझं भाषण

भलताच तांडा

भाषणाची पहिली दोन वाक्यं बोलून झाल्यावर मला कळलं, की हा मांडव सुदामच्या कमानीसाठी नाही, कुणाच्या तरी साक्षगंधासाठी घातलेला आहे.

दोष सगळा माझा नाही. पोहरादेवीच्या अलीकडे मोठा रस्ता सोडला की तांड्यामागून तांडे लागतात, आणि प्रत्येक वाटेवर तोच कडुनिंब, तीच पाण्याची टाकी. मला फोनवर खूण दिली होती, "टाकीपासून डाव्या हाताले वळा, मांडव दिसन." टाकी दिसली, वळलो, मांडव दिसला. माझ्या अंगावर कोट होता, कोटावर पदकं होती. मांडवाच्या तोंडाशी उभे असलेले म्हातारे "आले, आले, फौजी मामा आले!" म्हणत धावले. खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी, हातात नारळ. मी आपला छाती काढून बसलो.

माझी बायको संगीता बायकांत गेली होती. तिथून ती मला आधी डोळ्यांनी, मग भुवयांनी, शेवटी पदर झटकून खुणा करत होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, तिची एकही खूण मला वेळेवर कळलेली नाही. मला वाटलं, नवऱ्याचा मान पाहून तिला भरून आलंय. तेव्हा मी उठलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "सुदाम माझा भाऊ होता. त्याच्यासोबत मी परदेशात एका ताटात जेवलो."

"कोन सुदाम?" नवरीच्या आजोबांनी विचारलं.

"म्हणजे... ज्याची कमान..."

"कमान? तुमी पोरीचे मामा नाई काय?"

"नाही."

"मंग आमी टोपी कोनाले घातली?"

सगळा मांडव हसला. नवरदेवही हसला. माझी गत अशी, की बसावं तरी पंचाईत, उठावं तरी पंचाईत. पण आजोबांनी हात धरून मला पंगतीतच नेलं. "आता घातली ते घातली बाप्पा. घातलेली टोपी काढून घेतली असं आमच्या तांड्यात कोनी म्हनलं नाई पाह्यजे. जेवा." वांग्याची भाजी, वरण, पुऱ्या, बुंदी. मी बुंदीवर असताना खरे मामा आले. टोपी एकच आणलेली. आजोबांनी स्वतःच्या डोक्यावरची काढून मामांना घातली आणि स्वतः बोडक्या डोक्यानं सगळीकडे वाढत फिरले. मामांनी माझी पदकं पाहून सलाम ठोकला, मी पुरी हातात धरून परत ठोकला.

हे आधीच सांगून टाकतो, कारण यापुढं हसण्यासारखं कमी आहे आणि माझा राग फार आहे. माझा राग ओल्या गोवरीसारखा असतो. चटकन पेटत नाही, नुसता धुमसतो आणि माझ्याच डोळ्यांत जातो. या प्रवासात तो पेटला, म्हणून हे लिहितोय.

मानोऱ्याचा पेट्रोलपंप

आमच्या इंझोरीहून मानोरा आणि मानोऱ्याहून पोहरादेवी ही नकाशावर बोटभर वाट. पण रस्ता कुणीतरी उकरून ठेवला होता आणि बुजवायचं विसरलं होतं. गिट्टीवरून मोटारसायकल नाचत होती आणि मागून संगीता दर खड्ड्याला माझ्या फौजेतल्या ड्रायव्हरीचा उद्धार करत होती. साक्षगंधाच्या त्या मांडवात पोचायच्या आधी, मानोऱ्याला पेट्रोल भरताना मोबाईल वाजला. कमान समितीचे अध्यक्ष बबनराव यांनी माझं भाषण पाठवलं होतं. माझं भाषण, त्यांनी लिहून.

त्यात होतं, की सुदामनं शत्रूवर झडप घातली, छातीवर गोळी झेलली आणि मातृभूमीचा जयघोष करत देह ठेवला. मी शेजारीच होतो. खाली सूचना: 'पाच मिनिटं बोला. डोळ्यात पाणी आणलं तर चांगलं.'

पेट्रोल टाकणारा म्हणाला, "काका, गाडी पुढं घ्या ना, मागं लाईन लागली." मला गाडी सुरू करायचं सुचेना.

आता सुदाम कोण, ते सांगतो. सुदाम राठोड आमच्या पलटणीतला लांगरी, म्हणजे स्वयंपाकी. मी पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर. काही वर्षांपूर्वी आमची तुकडी शांतिसेनेत आफ्रिकेतल्या एका देशात गेली. त्या देशाचं नाव आमच्या गावात कुणाच्याच जिभेवर बसलं नाही, सगळे नुसतं 'तिकडं' म्हणतात, मीही तेच म्हणतो. युद्ध त्यांच्या आपसातलं होतं, बंदुका त्यांच्या होत्या. आम्ही निळ्या टोप्या घालून मध्ये उभे. गोळ्यांचा आवाज यायचा, नाही असं नाही. पण रोजचं युद्ध वेगळं होतं. चिखलाशी, माश्यांशी, डबाबंद जेवणाशी आणि तंबूत शिरणाऱ्या सापांशी. सुदाम त्या युद्धातला आमचा सेनापती. तो तिथंच मेला. तापानं. मी शेजारीच होतो, एवढं एकच वाक्य बबनरावांनी खरं लिहिलं होतं.

सुदामचा तांडा

खऱ्या तांड्यावर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. वेशीवर कमान उभी, तिच्या खांबावर लाल कापडानं झाकलेली पाटी. बाजूला भलंमोठं पोस्टर. पोस्टरवर उद्या येणाऱ्या साहेबांचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा, बबनरावांचा ताटाएवढा आणि कोपऱ्यात सुदामचा बटाट्याएवढा. त्यालाही कुणीतरी संगणकावर मिशी काढून दिली होती. सुदामला मिशी नव्हती. चुलीच्या झळीनं जळते म्हणायचा आणि काढून टाकायचा.

सुदामच्या आईला सगळे याडी म्हणतात, बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. हाडं तेवढी उरलेली, पण आवाज खणखणीत. आम्हाला ओसरीत बसवलं, ज्वारीची भाकर, बेसन आणि मिरचीचा ठेचा वाढला. संगीताला म्हणाली, "खाय माय, लाजू नको. तुहा नवरा तं माह्या लेकाच्या हातचं खाऊनच फुगला म्हन्ते." संगीता एवढी हसली की तिला ठसका लागला.

मग याडीनं माझ्यासमोर बैठक मारली, हात पुढं केला आणि माझ्या कोटावर, छातीवर ठेवला.

"गोळी इथं लागली का इथं?"

ती म्हणाली, "पेटी आली ते खिळे मारून बंद. म्हाताऱ्यानं उघडू देल्ली नाई. लोकं म्हने लढता लढता गेला. मी रोज भाकर थापतो आन् रोज हेच मनात येते. रक्त किती गेलं असन? पानी मांगलं असन का त्यानं? कोनी पाजलं का?"

सुदामचे वडील होते तोवर मी त्यांच्याशी फोनवर बोलायचो. त्यांना सगळं खरं माहीत होतं. त्यांनी बायकोला ते सांगितलं नव्हतं, की सांगूनही लोकांच्या गलक्यात ते वाहून गेलं, देव जाणे. ही बाई मात्र इतकी वर्षं तव्यासमोर बसून लेकाच्या अंगावर गोळीची जागा शोधत होती.

मी तोंड उघडणार तोच शेजारी मांडी ठोकून बसलेले बबनराव म्हणाले, "याडी, उद्या सायेब येऊन राह्यले ना, त्याहिच्यासमोर हे सगळं सांगतीन. आज दमले ते." आणि मला हाताला धरून अंगणात नेलं.

"भाऊ, तो तापानं गेला," मी म्हणालो.

"मले मालूम हाय. पन तापानं तं रोजच मानसं मरते. त्याची कमान कोन बांधते, सांगा बरं? सायेब कायले येतीन?"

"आणि त्या बाईनं जन्मभर गोळी शोधत बसायचं?"

"शहीदाची माय हाय ते. मान हाय तिले." मग आवाज खाली आणून, "आन् पाटी कोरून झाली. ग्रॅनाइट हाय. आता खोडता येत नाई."

मी काय केलं? काही नाही. परत येऊन हात धुतले. याडीला म्हणालो, "उद्या सांगतो." गोवरी धुमसत होती.

कमानीखाली

सकाळी दहाचा कार्यक्रम. उन्हाचा नुसता जाळ. मंडपात पुढं सोफे, त्यांच्यावर पांढरे टॉवेल, त्यांच्यासमोर पंखे, आणि सोफ्यांवर कुणीच नाही, कारण साहेब यायचे होते. याडीला मात्र कमानीजवळ उन्हात उभं केलेलं. तिनं साहेबांवर फुलं टाकायची होती, आणि फोटोत ती उभीच चांगली दिसते असं फोटोवाल्याचं मत होतं. संगीतानं तिला खुर्ची नेऊन दिली. बिल्लावाला एक माणूस आला आणि खुर्ची उचलून घेऊन गेला.

"ते व्हीआयपी खुर्ची हाय ताई."

"मंग ह्या कोन हाय?" संगीतानं विचारलं.

त्यानं याडीकडे पाहिलं, पोस्टरकडे पाहिलं, आणि खरंच सांगतो, त्याला माहीत नव्हतं. मला आदल्या दिवशीचे बोडक्या डोक्याचे आजोबा आठवले. परक्या माणसासाठी पंगत, आणि इथं ज्याच्या नावाची कमान त्याच्या आईला खुर्ची नाही! संगीतानं खाली स्वतःचा पदर टाकला आणि दोघी कमानीच्या सावलीत बसल्या.

साहेब आले तेव्हा दुपार झाली होती. सूत्रसंचालकानं दोन शेर म्हटले, जे त्यानं बहुधा साक्षगंधातही म्हटले असते, आणि मला बोलावलं. "सीमेवर शत्रूला धूळ चारणारे..." सीमा आमच्यापासून समुद्रापलीकडे होती आणि धूळ आम्हीच खाल्ली होती, रोज, डाळीतून.

मी माईक घेतला. मोबाईल खिशातच ठेवला.

"याडी," मी म्हणालो, "तुझ्या लेकानं तिकडं रोडगे केले, ते सांगतो."

बबनरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी आदल्या दिवशी बुंदीकडे पाहत होतो.

मी सांगत गेलो. रविवार होता. डब्यातली शेवयांसारखी परदेशी गिळगिळीत वस्तू खाऊन पोरं रडकुंडीला आली होती. सुदाम म्हणाला, आज रोडगे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे. कणीक होती, डाळ होती, तुपाचा डबाही होता. गोवऱ्या कुठून आणायच्या? कॅम्पच्या तारेपलीकडे गुराख्यांचा तळ होता. एवढाल्या शिंगांच्या गाई, आणि उघडे, उंच, अंगाला राख फासलेले गुराखी. तिकडं गोवऱ्या थापत नाहीत. शेण वाळवतात, ढीग घालून पेटवतात आणि त्या धुरात माणसं-गुरं एकत्र बसतात, डास येऊ नयेत म्हणून. सुदामला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना सुदामची. तो सरळ एका गाईजवळ गेला, तिचं तोंड उघडून दात पाहिले आणि बोटांनी वय सांगितलं. गुराखी चाट पडला. मग दुसरी गाय पुढं केली. मग तिसरी.

मंडपातले म्हातारे पुढं सरकले. एक जण ओरडला, "आपलंच रगत ना! बैल पाहून गाव सांगनारी जात!"

साखरेच्या बदल्यात आम्ही पोतंभर शेण आणलं. माणूस साखर देतो आणि शेण नेतो, हे पाहायला त्यांचा सगळा तळ जमला. माझ्याच टँकरवर टाकून आणलं. गेटवरच्या साहेबांनी विचारलं, "राठोड, बोरे में क्या है?" हा म्हणाला, "साब, देसी कोयला." स्वयंपाकघरामागं आर पेटवला आणि जो काय पांढरा धूर उठला! शेजारी दुसऱ्या देशाच्या फौजेचा कॅम्प होता. त्यांना वाटलं, आमच्यावर हल्ला झाला. त्यांनी भोंगा वाजवला. त्यांचा वाजला म्हणून आमचाही वाजला. लोखंडी टोप, जाड जाकिटं, सगळे पळत खंदकात. मी पळताना एक बूट घातला, दुसरा हातात. खंदकात मोजणी झाली. एक माणूस कमी.

"साहेबांनी मातीच्या पोत्यांवरून डोकं काढून पाहिलं," मी म्हणालो. "सुदाम डोक्यात टोप, अंगात जाकीट घालून आरापाशी उकिडवा बसलेला, आणि चिमट्यानं रोडगे पलटवतोय. साहेब ओरडले, 'राठोड! अंदर आ!' हा तिथूनच म्हणतो, 'साब, एक साइड बाकी है!'"

मंडप फुटला. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. व्हीआयपी खुर्चीवरचे साहेबही हसले, मग आपण कुठं बसलोय ते आठवून थांबले. आणि कमानीच्या सावलीतून याडीचा खणखणीत आवाज आला:

"जळलेच असतीन! एका अंगानं जळवल्याबिगर त्या पोट्ट्याले कधी रोडगे आलेच नाई!"

"जळले होते याडी," मी म्हणालो. "कोळसा झाला होता."

"आन् तुमी खाल्ले?"

"तूप घालून. बाजूच्या फौजेचे अफसर चौकशीला आले, त्यांनीही खाल्ले. धूर कशाचा म्हणून विचारत होते. कुणी सांगितलं नाही."

याडी हसत होती. मी तिला आदल्या दिवसापर्यंत कधी पाहिलं नव्हतं, पण तांड्यातल्या बायका तिच्याकडे ज्या नजरेनं वळून पाहत होत्या, त्यावरून कळलं, की हे हसू इथं कुणी बऱ्याच वर्षांत पाहिलेलं नाही. तेव्हा माझी गोवरी पेटली.

मी म्हणालो, "या चुकीची सुदामला शिक्षा झाली. पाठीवर ओझं घेऊन मैदानाला चकरा. आणि हुकूम निघाला, की कॅम्पात शेणाचा धूर करायचा नाही. पुढं पाऊस लागला. तळी साचली, डास झाले. मी डॉक्टर नाही, धुरानं काय झालं असतं ते मला सांगता येत नाही. सुदामला ताप आला. रस्ते बुडाले होते. मोठ्या दवाखान्यात न्यायला हेलिकॉप्टर लागत होतं, आणि हेलिकॉप्टरला कुणाकुणाची परवानगी लागत होती. रोज उत्तर यायचं, उद्या बघू. परवानगी आली तेव्हा न्यायला माणूस उरला नव्हता.

"याडी, गोळी नव्हती. तुझ्या लेकाच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. पाणी त्यानं मागितलं. मी पाजलं, साखर घालून. माझ्या मांडीवर डोकं होतं. शुद्धीत होता तोवर मला शिव्या देत होता, की मी केलेली खिचडी गुरांनीही खाल्ली नसती."

बबनराव उठून माईकवाल्याकडे गेले. माईक गेला. पण मी टँकरचा ड्रायव्हर आहे. इंजिनाच्या वरताण बोलायची सवय आहे.

"त्याला मारलं डासानं आणि 'उद्या बघू'नं! कोरायचं तर त्या दोघांची नावं कोरा! गोळी कुठली आणता? भोंगा वाजत असताना जो पोरांचं जेवण सोडून खंदकात आला नाही, तो तुम्हाला कमानीला पुरत नाही? त्याला मिशी लावता? त्याच्या आईला उन्हात उभी करता आणि फुलं टाकायला लावता, कुणावर?"

शेवटी माझा आवाज चिरकला. रागावलेला माणूस रुबाबदार दिसतो म्हणतात. सकाळी उन्हासाठी घातलेली साक्षगंधाची टोपी डोक्यावर तशीच होती, हे मला नंतर कळलं.

साहेब मोठे सराईत. उठले, "माजी सैनिक भावुक झाले आहेत" असं म्हणाले, दोरी ओढून लाल कापड पाडलं, टाळ्यांची वाटही न पाहता गाडीत बसले. धूळ खाली बसायच्या आत सोफ्यांवरचे टॉवेल गोळा होऊ लागले.

याडी उठली. तिला वाचता येत नाही. तिनं संगीताचा हात धरला आणि तिला पाटीसमोर उभं केलं.

"माय, याच्यात गोळी कोन्त्या ओळीत लिवली?"

संगीतानं माझ्याकडे पाहिलं नाही. पाटीवर सगळ्यात वर सुदामचं नाव होतं, त्याखाली 'शत्रूशी लढताना छातीवर गोळी झेलून' असं सोनेरी अक्षरांत. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

सकाळी कार्यक्रमासाठी वेस सारवली होती. उरलेलं शेण घमेल्यात कमानीमागं ओल्या पोत्याखाली होतं. याडीनं मूठभर घेतलं. संगीतानं सुदामच्या नावावर दोन्ही तळवे आडवे धरले, नावाला लागू नये म्हणून. आणि त्या म्हातारीनं चुलीसमोरची जमीन सारवावी तशी, बोटं उमटवत, अर्धगोल फिरवत, ती ओळ सारवून टाकली. घाई नाही, रडणं नाही. एक कोपरा राहिला होता, तोही घेतला.

"याडी! अवं काय करून राह्यली? ग्रॅनाइट हाय ते!" बबनराव धावले.

"हाव ना," याडी म्हणाली. "तुमीच म्हनलं ना, खोडता येत नाई. म्हून सारवलं."

तांड्यातलं कुणीही पुसायला पुढं आलं नाही. बबनराव मोबाईल कानाला लावून साहेबांच्या गाडीच्या दिशेनं चालत गेले. पलीकडून कुणी फोन उचलत नव्हतं.

परत

निघताना याडीनं आम्हाला रोडगे बांधून दिले. दोन्ही अंगांनी नीट भाजलेले. म्हणाली, "असे असते ते. त्याले सांगजो," आणि मग कुणाला सांगायचं ते तिच्या लक्षात आलं. तरी ती वाक्य मागं घेईना. मीही "सांगतो" म्हणालो.

मानोऱ्यापर्यंत संगीता एक शब्द बोलली नाही. खड्ड्यांनाही नाही. मला वाटलं, आता माझ्या भाषणाबद्दल काहीतरी बोलेल. मी वाटच पाहत होतो, खोटं कशाला सांगू. शेवटी पंपावर गाडी थांबवली तेव्हा ती उतरली, तळवे नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि म्हणाली,

"पाऊस लागला का ते शेन धुऊन जाईन. पोळ्याच्या आधी येऊन आपल्याले सारवा लागन. टाकी पुरी भरा. आन् पुढच्या टायमाले, तांडा कोनता ते मी सांगीन, मंगच वळा."